टॉवेलाखाली घेतलेली मतं

या वयात लोक काशीला जातात. मी राहाता, लोणी, शेवगाव आणि नगर केलं. सहा दिवस आमच्याच जिल्ह्यात फिरले आणि व्यापाऱ्यांना एकच गोष्ट विचारत हिंडले, की सीमेवरच्या व्यापाराबद्दल आणि त्यावरच्या कराबद्दल तुमचं खरं म्हणणं काय आहे. आपल्याच जिल्ह्यात काय बघायचं, असं जाण्याआधी मलाही वाटत होतं. जे आले नाहीत त्यांनी वाचावं म्हणून लिहिते आहे.

कोल्हार

कोल्हारला प्रवरेच्या पुलापासून जवळ माझं डाळिंबाचं शेड आहे. शेतकऱ्याकडून माल घ्यायचा, बायकांनी तो निवडायचा, पुसायचा, खोक्यांत भरायचा आणि ट्रक लावून द्यायचा बंगालच्या सीमेवर. तिथून तो पलीकडे बांगलादेशात जातो. नवरा गेल्यापासून हे सगळं मीच बघते. चौथी शिकले आहे, तेवढ्यात भागतं.

मागच्या हंगामात माझा ट्रक वाटेत असताना सीमेवरचा नियम बदलला. नियम कधी आपल्याकडचे बदलतात, कधी पलीकडचे. ट्रक दोन्ही वेळेला सारखाच अडकतो. नऊ दिवस तो रांगेत उभा होता. डाळिंब फसवं फळ आहे, वरून लाल दिसतं आणि आत काळं पडत जातं. शेवटी ड्रायव्हरनं सगळा माल तिथंच टाकून दिला. मी हंगाम अर्ध्यात बंद केला आणि बावीस बायका घरी बसल्या. यंदा शेड उघडायचं की एका खतवाल्याला गोदामासाठी देऊन टाकायचं, हा प्रश्न होता. खतवाला दोनदा येऊन टेपनं मोजमाप घेऊन गेला होता.

अशात नगरला आमच्या व्यापारी संघटनेची बैठक झाली. दिल्लीहून एक अधिकारी पुढच्या सोमवारी व्यापाऱ्यांचं म्हणणं ऐकायला येणार होत्या. अध्यक्षांनी निवेदन तयारच ठेवलं होतं. त्यात एकच मागणी होती: बाहेर जाणाऱ्या मालावर आपण जो कर भरतो, त्यातला काही भाग सरकारनं परत द्यावा. अध्यक्ष मोठे निर्यातदार आहेत, त्यांना ते सोयीचं आहे. खाली लिहिलं होतं, "सर्व सभासदांचा अभिप्राय घेऊन."

मी विचारलं, "कधी घेतला?"

चिटणीस म्हणाले, "मोबाईलवर फॉर्म पाठवला होता, अक्का."

"किती जणांनी भरला?"

"अकरा."

"आन सभासद किती?"

त्यांनी कागद चाळला. "दोनशे चाळीस."

"मग बाकीचे मेले का?"

लोक हसले. अध्यक्ष हसले नाहीत. ते म्हणाले, "अक्का, तुम्हीच विचारून या मग. निम्म्या सभासदांच्या सह्या आणा. तुम्ही आणाल ते आधी वाचू, आमचं नंतर."

म्हातारी खाली बसेल असं त्यांना वाटलं. मी सोमवारपर्यंत किती दिवस उरलेत ते बोटांवर मोजलं. सहा होते.

माझी स्वतःची मागणी साधी होती: नियम बदलला तरी जो माल आधीच वाटेत आहे, त्याला जुनाच नियम लागावा. दुसऱ्या देशाशी बोलतानाही आपल्या सरकारनं हेच मागावं. पण ही मागणी फक्त माझी आहे की आणखी कुणाची, हे मला माहीत नव्हतं. बैठकीत कुणी तसं बोलत नव्हतं. घरी येताना मी मनाशी ठरवलं, की आणखी लोक हेच म्हणत असतील तर शेड उघडायचं. मी एकटीच ओरडत असेन तर किल्ली खतवाल्याला द्यायची.

राहाता, मंगळवार

गाडी माझी सून वैशाली चालवते. आमच्याकडे सून सासूला आत्या म्हणते, तशी ती मला म्हणते, पण ऐकत नाही. जीएसटीचं सगळं तीच बघते. गाडी म्हणजे जुनी व्हॅन, बाजूचं दार लोखंडी तारेनं बांधलेलं. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या. एकीला ओलांडलं की पुढे दुसरी. वैशालीनं हॉर्न दाबला की ट्रॉलीवाला हात बाहेर काढून थांबायला सांगायचा, आणि मग स्वतःच थांबायचा.

राहात्याचा पेरू खाल्ला नाही असा माणूस आमच्या भागात सापडायचा नाही. तरी बाजार समितीच्या दारात बसून तिखट-मीठ लावून खाल्लेल्या पेरूची चव घरी आणलेल्या पेरूला येत नाही. आम्ही दोघींनी दोन-दोन खाल्ले आणि कामाला लागलो.

आमच्याकडे रीत अशी, की बाजारात गेलं की आधी सगळ्यात मोठ्या पेढीवर टेकायचं. नाहीतर त्याचा मान मोडतो. राहात्यात मोठे म्हणजे आबासाहेब. पांढरा लेंगा, पांढरी टोपी, समोर पानाचा डबा. संघटनेच्या त्याच फॉर्मचे छापील कागद घेऊन मी तिथं गेले.

"या अक्का, बसा. चहा सांगा रं," आबासाहेब म्हणाले. "कागदं आनलीत का? द्या हिकडं. आपन समद्यांना हितंच बोलवू. तुमाला उन्हात कशाला हिंडायला लावायचं?"

मला बरं वाटलं. तिथंच माझी चूक झाली. एकेक व्यापारी यायचा, आबांकडे बघायचा, दिवाणजी कागद भरायचे आणि तो सही करायचा. सोपान नावाचा पेरूचा व्यापारी आला. त्याला मी विचारलं, "तुजं काय म्हननं हाय?"

"आबा म्हनतील ते."

"आन आबा काय म्हनतात?"

आबा पान लावत म्हणाले, "अध्यक्ष म्हनतील ते. मी आपला मधला मानूस."

संध्याकाळच्या आत चौतीस कागद झाले. मी खुशीत घरी आले. जेवताना वैशालीनं ते चाळले आणि माझ्यासमोर ठेवले. चौतीसही कागद एकाच अक्षरातले. सगळ्यांना कराचा परतावा हवा होता. त्यात एक मडकी विकणारा होता. त्याचं मडकं शिर्डीच्या पुढे कधी गेलेलं नाही, आणि त्यालाही सीमेवरच्या कराचा परतावा हवा होता.

"आत्या, ही चौतीस मतं न्हाईत," वैशाली म्हणाली. "हे एकच मत चौतीस वेळा लिवलंय."

मी भाकरी संपवली आणि कागद चुलीशेजारी ठेवायला सांगितले.

लोणी, बुधवार

लोणीला बुधवारी जनावरांचा बाजार भरतो. आमचा एक सभासद पोपट तिथं कासरे, वेसणी आणि घुंगरमाळा विकतो. बैलांची शिंगं रंगवलेली, पायाखाली कडब्याचा चुरा, शेणाचा आणि भज्यांच्या तेलाचा वास एकत्र. वैशालीनं नाकाला पदर लावला. मी तिला म्हटलं, दूध पितेस तेव्हा लावत नाहीस.

पोपटच्या दुकानासमोर दोन माणसं उभी होती. दोघांचे उजवे हात एका टॉवेलाखाली. तोंडानं एक म्हणत होता, "औंदा थंडी बरी हाय." दुसरा म्हणत होता, "हाय की, गव्हाला चांगली." टॉवेलाखाली बोटं हलत होती. जनावरांच्या बाजारात भाव असाच ठरतो. बोट धरायचं, बोट सोडायचं, आणि शेजारच्याला पत्ता लागू द्यायचा नाही. लहानपणी वडिलांबरोबर मी हे पुष्कळ बघितलं होतं.

सौदा मोडला. त्यातला एक, गेनू म्हणून जनावरांचा दलाल, पोपटच्या ओट्यावर टेकला. मी त्याला विचारलं, "मोबाईल आले तरी बोटंच का रं?"

"मावशे," गेनू म्हणाला, "तोंडानं बोललं की ते गावाचं हुतं. बोटानं बोललं की दोघांचंच ऱ्हातं. चारचौघांत खरं कोन बोलतंय?"

मी वैशालीकडे बघितलं. ती आधीच वही काढत होती.

पोपटच्या ओट्यावर बसून आम्ही दोघींनी सगळं ठरवलं. संघटनेचा तो चौदा प्रश्नांचा फॉर्म बाजूला ठेवला. चार मागण्या केल्या. एक बोट म्हणजे कराचा परतावा. दोन बोटं म्हणजे सीमेवरची तपासणी आणि कागद एकाच जागी व्हावेत. तीन म्हणजे वाटेतल्या मालाला जुना नियम. चार म्हणजे बाहेरून येणाऱ्या मालावर कर वाढवावा. मूठ म्हणजे काही म्हणणं नाही. एका वहीत माणसाचं नाव आणि सही, मत दिलं एवढ्यापुरती. दुसऱ्या वहीत नुसत्या रेघा. त्याही पाच माणसं झाल्यावर एकदम मारायच्या, म्हणजे कुणाची कुठली ते कळणार नाही. पाच आकडे डोक्यात ठेवणं मला जमतं.

वैशालीनं एक अट घातली. "आत्या, तुमी तोंडानं कायबी सांगायचं न्हाई. तुमाला तीन पायजेत हे मानसाला कळलं की तो तीनच दाखवंल. मागण्या मी वाचून दाखवनार. तुमी फकस्त थंडीचं बोलायचं."

ती बरोबर होती. मला ते आवडलं नाही, पण मी मान्य केलं.

टॉवेल हवा होता. व्हॅनमधला काच पुसायचा होता, तो कुणाच्या हातावर घालण्यासारखा नव्हता. पोपटनं शेजारच्या दुकानातून नवा कोरा आणून दिला, हिरव्या काठाचा. पहिलं मतही त्याचंच घेतलं. त्यानं हात घातला, थंडीचं बोलला आणि चार बोटं दाबली. बाहेरून नायलॉनचा दोर येतो, आणि त्याच्या वाखाच्या कासऱ्याला कुणी विचारत नाही. हे त्यानं नंतर आपल्या तोंडानं सगळ्यांसमोर सांगितलं, म्हणून इथं लिहिते. माझ्या मनासारखं नव्हतं. तरी लक्षात ठेवलं.

पुन्हा राहाता, गुरुवार

या वेळी आबांच्या पेढीवर गेले नाही. बाजाराच्या मागच्या बाजूला चहाची टपरी आहे, तिथं बाकड्यावर बसले. सोपान चहाला आला. वैशालीनं चार मागण्या वाचल्या. तिनं मुद्दाम सगळ्या एकाच आवाजात वाचल्या, शाळेत हजेरी घेतात तशा. मी टॉवेल पुढे केला.

सोपान आधी लाजला. बाईच्या हातात हात द्यायचा म्हणजे काय. मी म्हटलं, "मी तुज्या आजीच्या वयाची हाय. उगं नखरे करू नगंस."

त्यानं हात घातला. बोटं गार पडली होती. त्यानं नंतर परवानगी दिली म्हणून लिहिते, तीन बोटं धरली आणि घट्ट दाबली, सोडेचना.

"थंडी लई हाय, अक्का," तो म्हणाला.

"हाय तर," मी म्हटलं.

मग एकाचं बघून दुसरा आला. टॉवेल म्हटल्यावर गर्दी होते, काहीतरी सौदा आहे असं वाटतं. मडकीवालाही आला. त्यानं मूठ दाबली आणि तसं सगळ्यांना सांगत समाधानानं निघून गेला. काहींनी एक दाखवलं, काहींनी दोन. एकानं तीन दाखवून नंतर चौथं उघडलं, परत मिटलं, आणि शेवटी कपाळावरचा घाम पुसला. माणूस खरं बोलायला लागला की त्याला वेळ लागतो, हे मला त्या दिवशी कळलं. परवा हीच माणसं एका क्षणात सह्या करून गेली होती.

दुपारी आबासाहेब स्वतः टपरीवर आले. सगळे बाजूला झाले.

"अक्का, माझ्या पेढीवर काय काटे हुते का, की तुमी हितं धुरात बसलात?"

"काटे नव्हते, आबा. कान हुते."

टपरीवाला चहा गाळता गाळता थांबला. आबांनी टोपी नीट केली आणि ते बाकड्यावर बसले. "मग माजा हात धरनार का न्हाई?"

मी टॉवेल टाकला. त्यांनी काय दाखवलं ते मी कुणाला सांगितलं नाही, वैशालीलाही नाही. शब्द म्हणजे शब्द.

शेवगाव, शुक्रवार

नेवाशाच्या पुढे जमिनीचा रंगच बदलतो. आमच्याकडे कालवा, ऊस, सगळं हिरवं. तिकडे काळं रान, वेचणी झालेल्या कपाशीच्या काड्या आणि बाभळी. मोकळं दिसतं. डोळ्याला बरं वाटलं, पण तिथं राहणाऱ्याला विचारावं.

एका वस्तीजवळ चाक पंक्चर झालं. मदतीला कुणी येईल म्हणून आजूबाजूला बघितलं, तर घरांना कुलपं. एक म्हातारा शेळ्या घेऊन उभा होता.

"गाव कुठलं माय तुमचं?"

"कोल्हार."

"मंग आमची पोरं तिकडंच गेली असतील ऊस तोडायला. सगळं गाव तिकडं जायलंय आन तुमी इकडं आलाव." तो हसला. त्याला तीनच दात होते. "ईथं काय हाय बघायला?"

"मानसं बघायला आलोय," मी म्हटलं.

"मंग उशिरा आलाव."

वैशालीनं साडीचा काष्टा मारला आणि चाक बदललं. म्हाताऱ्यानं नट गोळा करून टोपीत ठेवले. एक नट एका शेळीच्या तोंडातून काढावा लागला. आमच्याकडे बाईनं चाक बदललं तर चार पुरुष गोळा होतात आणि सल्ला देतात. इथं सल्ला द्यायलाही माणूस नव्हता, त्यामुळे काम लवकर झालं.

शेवगावच्या बाजारात मुरलीशेठ नावाचे तुरीचे आडते भेटले. भला माणूस, पण बोलायला लागला की थांबत नाही. "तुमचा माल भायेर जातो, आमच्या उरावर भायेरचा येतो. परदेशातून तूर आली की आमची पडली. तुमचं रडनं आन आमचं रडनं दोन टोकाचं हाय, आजी."

पहिल्या बारा जणांत आठ जणांनी चार बोटं दाखवली. मी डोक्यात आकडे ठेवत होते आणि डोकं जड होत होतं. शेवगाव असंच गेलं तर माझी मागणी मागे पडणार होती. तेराव्या माणसाशी थंडीचं बोलायला मी विसरले. वैशालीनं कोपर मारलं. "आत्या, चेहरा सरळ ठेवा. मानसं बगतात."

दुपारी कुसुमकडे जेवायला गेलो. कुसुम कांद्याची खरेदी करते, चाळिशीची, अंगानं बारीक आणि आवाजानं मोठी. संघटनेच्या यादीत तिचं नाव होतं, पण फोन नंबर नवऱ्याचा. मोबाईलवरचा तो फॉर्म नवऱ्याकडे गेला आणि त्यानं लग्नाच्या पत्रिकेसारखा बघून सोडून दिला. शेवगावात अशा पाच बायका निघाल्या. दोनशे चाळीसातल्या कितीजणी असतील ते चिटणीसांना विचारायला हवं.

तिनं हुलग्याची शेंगोळी केली होती. आमच्याकडे शेंगोळी पातळ करतात, तिच्याकडे घट्ट, आणि लसूण असा की डोळ्यात पाणी आलं. जेवण झाल्यावर मी टॉवेल काढला. तिनं हात मागे घेतला.

"म्या न्हाई घालनार. टॉवेल म्हंजे बापयांचं काम. शेजारनी बगतील तर बोलायला वर्षभर पुरवतील."

"मग तुजं मत न्हाई का?"

"मत हाय. टॉवेल नको."

मी माझ्या लुगड्याचा पदर सोडून पुढे केला. तिनं त्याखाली हात घातला. तीन बोटं. मग स्वतःच मोठ्यानं बोलायला लागली, सगळं गुपित मोडून. "मागल्या साली माझा ट्रक त्या सीमेवर हुता. अकरा दिवस. कांद्याला मोड आले. मी कुनाला बोलले न्हाई. नवऱ्यालाबी सांगितलं, की माल गेला, भाव कमी आला."

"कुठल्या महिन्यात?"

तिनं सांगितलं. माझा ट्रक त्याच दिवसांत तिथं उभा होता. कदाचित एकाच रांगेत. आणि इथून आमच्या घरापर्यंत अर्ध्या दिवसाची वाट. दोघींना एकमेकींचा पत्ता नाही.

मी आणखी थोडी शेंगोळी वाढून घेतली.

कुसुमनं बाकीच्या चौघींना बोलावून आणलं. पदराखाली पाच मतं झाली. तेवढ्यात मुरलीशेठ परत आले. दारात उभे राहून म्हणाले, "आजी, माझं मत बदलता येतं का? घरी जाऊन इचार केला. भायेरची तूर येऊ द्या न्हाईतर नका येऊ देऊ. मला तरास त्याचा न्हाई. सकाळी माल घेतला आन संध्याकाळी नियम बदलला, त्याचा हाय."

मत बदलता येत नाही, रेघ मारून झाली होती. मी तसं सांगितलं. त्यांना वाईट वाटलं. पण त्यांनी हे बाजारात जाऊन पंधरा जणांना सांगितलं, आणि ज्यांची मतं राहिली होती त्यांनी टॉवेलाखाली त्यांच्यासाठीही बोटं दाबली असावीत, असं मला वाटतं.

नगर, सोमवार

शनिवार आणि रविवारी संगमनेर, श्रीरामपूर आणि अधलीमधली गावं झाली. त्यातलं वेगळं असं काही नाही, फक्त श्रीरामपूरला टॉवेल धुवावा लागला. वहीत एकशे अडतीस सह्या होत्या. रेघांमध्ये तीन बोटांच्या अर्ध्यापेक्षा जास्त. त्याखालोखाल चारच्या. परताव्याच्या मोजक्या.

नगरच्या पाट्यांवर आता अहिल्यानगर लिहिलेलं असतं. बोलताना आम्ही अजून नगर म्हणतो. हॉल भरलेला होता. आबासाहेब, सोपान, मुरलीशेठ, पोपट, सगळे आले होते. कुसुमही एसटीनं आली होती आणि मागे न बसता पहिल्या रांगेत बसली होती. दिल्लीच्या अधिकारी बाई निघाल्या नागपूरकडच्या. चाळिशीच्या, साध्या, मराठी बोलणाऱ्या. मला उगीच इंग्रजीची भीती वाटत होती.

अध्यक्षांनी सह्या मोजून घेतल्या. निम्म्याहून जास्त होत्या, त्यामुळे शब्द पाळावा लागला. वैशालीनं आमचं निवेदन वाचलं. पहिली मागणी, वाटेतल्या मालाला जुना नियम. दुसरी, बाहेरून येणाऱ्या मालावर कर वाढवावा, आणि जे बदलायचं ते आधी सांगून बदलावं. मग बाकीच्या.

अध्यक्ष उठले. "मॅडम, मला अक्कांबद्दल आदर आहे. पण बोटं हा पुरावा नाही. बोटं त्यांनीच मोजली, आणि त्यांना काय हवं होतं ते सगळ्यांना माहीत आहे."

त्यांचं बोलणं चुकीचं नव्हतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं.

मी उभी राहिले. "बरोबर हाय. मग माज्या हातावर भरवसा ठेवू नका. मॅडम, तुमी सवता घ्या. पहिल्या रांगेत नऊ मानसं हायेत. हा टॉवेल."

मॅडमनी टॉवेलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "कसं करतात?"

"तुमी थंडीचं बोलायचं. बाकी ते करतील."

लोक हसले. मॅडमही थोड्या हसल्या आणि खाली उतरल्या. वैशालीनं मागण्या पुन्हा वाचल्या, हजेरीच्या आवाजात. पहिल्या रांगेत अध्यक्ष होते, आबासाहेब होते, कुसुम होती, आणखी सहा जण. मॅडम एकेकासमोर गेल्या. थंडीचं बोलणं त्यांना जमेना, म्हणून त्यांनी प्रत्येकाला गावाचं नाव विचारलं. कुसुमनं टॉवेलाखाली हात घातला. शेजारणी नव्हत्या.

नऊ हात झाल्यावर मॅडम जागेवर गेल्या आणि त्यांनी कागदावर आकडे लिहिले. मग मोठ्यानं वाचले. तीन बोटं सहा जणांची. चार बोटं दोघांची. एक बोट एकाचं.

एक कुणाचं, ते कुणी विचारलं नाही. गरज नव्हती. अध्यक्ष खिडकीकडे बघत होते.

मॅडम म्हणाल्या, "मी बऱ्याच जिल्ह्यांत गेले. सगळीकडे मला एकच मागणी वाचून दाखवतात. हे निवेदन पहिलं म्हणून जाईल. आणि कसं घेतलं तेही मी लिहीन."

टाळ्या वाजल्या. मी बसले.

बाहेर आबासाहेब जिन्याजवळ थांबले होते. "अक्का, मी त्या दिवशी टपरीवर तीनच दाखवली हुती."

"ठाऊक हाय. हात माज्याच हातात हुता."

ते आधी हसले, मग गंभीर झाले. "मी आजवर समजत हुतो की राहात्यात माझाच माल अडकतो. बोललो असतो तर पत गेली असती. आता बघतोय तर समदेच त्या रांगेत." त्यांनी सोपानला हाक मारली, आणखी दोघातिघांना बोलावलं. "दिल्लीचं दिल्ली बघंल. आपन आसं करू. हितनं फुडं कुनी एकट्याचा ट्रक भरायचा न्हाई. एका ट्रकात सात जनांचा थोडा थोडा माल. अडकला तर कुनी एकटा बुडायचा न्हाई."

"माज्या कांद्याचं?" कुसुम म्हणाली.

"डाळिंबाला कांद्याचा वास लागतो," मी म्हटलं. "शेवगावची कांद्याची गाडी येगळी कर. मानसं तू गोळा कर. तुला पाच बायका हायेतच."

"सात हायेत," कुसुम म्हणाली. "काल आनखी दोघी निघाल्या."

कोल्हार

दुसऱ्या दिवशी सकाळी खतवाला टेप घेऊन आला. मी त्याला चहा दिला आणि दुसरीकडे जागा बघायला सांगितली. त्याच दिवशी बायकांना निरोप धाडले. बावीसपैकी एकोणीस आल्या. दोघी ऊसतोडीला गेल्या होत्या आणि एकीचं लग्न झालं होतं. शेडमध्ये जाळी झाली होती, उंदरांनी खोक्यांची एक थप्पी कुरतडली होती. झाडून, धुऊन दोन दिवसांत जागा लख्ख केली.

आठ दिवसांनी पहिला ट्रक भरला. राहात्याहून आबांचा माल आला, सोपाननं पेरू सोडून पहिल्यांदा डाळिंब घेतलं होतं, तोही आला. सात जणांची खोकी, प्रत्येकाच्या चिठ्ठीचा रंग वेगळा. वैशालीनं कागद केले, बायकांनी रिकाम्या जागेत गवत कोंबलं. आबा स्वतः येऊन ताडपत्री ओढत होते, आणि नीट ओढत नव्हते.

ड्रायव्हर नवा होता. त्यानं चिठ्ठ्या बघितल्या आणि डोकं खाजवलं. "आजी, नाक्यावर कुनी इचारलं तर माल कुनाचा सांगू?"

"जिल्ह्याचा सांग," मी म्हटलं, आणि ट्रकचं मागचं दार लावलं.